घरी इलेक्ट्रिक गिटार बनवायचीय, वाड्यातला जुना साग चालेल का? आणि पार्ट्सचं काय करू?

निखालस_बेसूर (सांगली)

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसता वाचतोय इथे, आज विचारूनच टाकतो. मला घरी इलेक्ट्रिक गिटार बनवायचीय, फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर (टेली) टाइप, कारण तिची बॉडी सपाट असते, पोटाला वळण नाही, ट्रेमोलो (सूर हलवायचा दांडा) नाही, म्हणजे पहिल्यांदा करणाऱ्याला तीच बरी असं सगळीकडे वाचलं. आमचा गावचा वाडा मागच्या वर्षी उतरवला, त्यातल्या सागाच्या दोन तुळया आणि बरेच वासे शेडमधे पडून आहेत. घरचे म्हणतात दाराच्या चौकटी करू, मी म्हणतो त्यातलं एक दोन फूट मला द्या. चुलतभावाचं विट्याला फर्निचरचं वर्कशॉप आहे, तिथे राउटर, बँडसॉ, थिकनेसर सगळं आहे आणि भाऊ हाताशी पण आहे, फक्त त्याने आयुष्यात कधी गिटार हातात धरलेली नाही.

आता प्रश्न असा की परदेशी साइटवर जिथे बघावं तिथे आल्डर, स्वॉम्प अ‍ॅश, बासवुड, महॉगनी. यातलं आमच्याकडे काय मिळतंय कप्पाळ. सागाची इलेक्ट्रिक कुणी केलीय का? आवाजाला वाईट लागतो का? एक जण म्हणाला साग "डेड" वाजतो, दुसरा म्हणाला वजनाने खांदा जाईल. आणि नेक (गिटारची मान) स्वतः करावा का रेडीमेड आणावा, पिकअप (तारेचा आवाज उचलणारे चुंबक) कुठले, ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो) कुठला, पैसे कशात घालावेत आणि कशात वाचवावेत? बजेट वीस बावीस हजार, त्याच्या वर गेलं तर घरात युद्ध. एवढ्यात गिटार विकत येते हे मला माहितीय, तो सल्ला प्लीज नको 🙏

वखारीतला_माणूस (पुणे)

बेसूरराव, साग चालतो. नुसता चालतो नाही, नीट निवडला तर भारी होतो, पण तुमच्या त्या दुसऱ्या मित्राचं बरोबर आहे, प्रश्न आवाजाचा नसून वजनाचा आहे.

हिशोब सोपा आहे. टेलीची बॉडी साधारण ४०० मिमी लांब, ३२४ मिमी रुंद, ४४-४५ मिमी जाड. कोपरे, कंबर आणि आतले खड्डे वजा केले की साधारण ४ लिटर लाकूड उरतं. आता लाकडाची घनता गुणायची. आल्डर घनमीटरला ४५० किलोच्या आसपास, म्हणजे बॉडी १.८ किलो. साग ६५० च्या आसपास, म्हणजे २.६ किलो. शिसवी ८५० धरा, ३.४ किलो, विचारच सोडा. नेक, ट्यूनर (खुंट्या), ब्रिज, पिकअप मिळून आणखी दीड किलो जवळजवळ. म्हणजे सागाची भरीव टेली चार किलोच्या वर जाते, आणि साडेतीनच्या वर गेलं की उभं राहून वाजवणारा माणूस तासाभरात पट्टा इकडून तिकडे करायला लागतो.

यावर उपाय आहे आणि तो खुद्द फेंडरनेच केलेला आहे. १९६८ साली त्यांनी थिनलाइन टेलिकास्टर काढली ती वजन कमी करायलाच, बॉडी आतून पोकळ करून. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनसाठी त्याच वर्षी अख्खी शिसवीची टेली केली होती, दिसायला एक नंबर, पण पुढे तीच बाजारात विकायला काढली तेव्हा वजनापायी ती पण पोकळ करायची वेळ आली. तर तू पण तेच कर, मधला नेक ते ब्रिज हा पट्टा भरीव ठेव, साधारण १०० मिमी रुंद, आणि दोन्ही बाजूला मागच्या अंगाला ७-८ मिमी तळ राखून खण काढ. वरून ६ मिमीची फळी चिकटव. अर्धा पाऊण किलो सहज जाईल. ती वरची फळी फणसाची मिळाली तर बघ, पिवळाजर्द असतो ताजा कापल्यावर, सागावर जे काय दिसतं ते विचारू नको.

आता तुझ्या तुळईबद्दल. जुनं लाकूड म्हणजे वाळलेलं हे अर्धंच खरं. बाहेरून वाळलेलं असतं, पण आठ इंची तुळई चिरली की आतला ताण मोकळा होतो आणि फळ्या आपल्या मनाने वळतात. म्हणून आधी जाड चिरून घे, ५५-६० मिमी, बॉडीच्या मापाला लगेच आणू नको. त्या फळ्या घरात, स्वयंपाकघर आणि बाथरूमपासून लांब, मधे पट्ट्या घालून दोन तीन महिने ठेव आणि मग रंधा मार. ऑनलाइन दोन पिनांचा मॉइश्चर मीटर मिळतो, स्वस्त असतो, १० ते १२ टक्के दाखवला की कामाला लाग. तो मीटर नुसत्या कडेला टोचू नको, फळीच्या मधल्या भागात नवीन काप घेऊन तिथे टोच.

आणि सगळ्यात आधी खिळे. वाड्याच्या लाकडात खिळे असतातच, कधी वर डोकं दिसत नाही, आत मोडून राहिलेले असतात. वखारवाले म्हणूनच जुनं लाकूड मशीनला घ्यायला कां कूं करतात, एका खिळ्यात पातं जातं. चांगला चुंबक घेऊन बोट बोट अंतरावर फिरव, काळपट डाग दिसला तिथे हमखास लोखंड असतं कारण सागात लोखंडाने डाग पडतो. भाऊ आणि थिकनेसर दोन्ही वाचतील.

वासे नको घेऊ. त्यात गाभा कमी आणि पांढरा भाग जास्त निघतो बऱ्याचदा, आणि घुण पण त्याच भागाला लागतो. तुळईतून सात इंच रुंद, सतरा अठरा इंच लांब असे दोन तुकडे सरळ रेषेचे, गाठ नसलेले काढ, मधे जोड. सागात तेल असतं, चिकटवायच्या आधी जोडायच्या कडा ताज्या रंधलेल्या हव्यात आणि थिनरने किंवा अ‍ॅसिटोनने पुसून, वाळल्या वाळल्या लगेच फेव्हिकोल लावून क्लॅम्प. सकाळी रंधा मारला आणि संध्याकाळी चिकटवलं असं करू नको.

साग मिळाला नाही किंवा घरच्यांनी दिला नाही तर शिवण बघ. हलकं, ४५०-५०० च्या आसपास, स्थिर, आकसत फुगत कमी, कापायला लोण्यासारखं. तुमच्या सांगली कोल्हापूर भागात मिळतं. आंबा बघू नको, वजनाला सागाइतकाच आणि कीड लवकर धरतो.

सोल्डर_आणि_शिव्या (नाशिक)

लाकडाचं वरच्या दादांनी सांगितलंच, मी पार्ट्सचं बोलतो कारण लोक लाकडावर सहा महिने काथ्याकूट करतात आणि ब्रिज मात्र जो पहिला दिसेल तो उचलतात.

माझं मत, पहिल्या गिटारला नेक रेडीमेड घे. बॉडी म्हणजे सुतारकाम आहे, तुझा भाऊ दोन रविवारात करेल. नेक म्हणजे ट्रसरॉड (नेकच्या आतली, वाक सरळ करायची सळई), फिंगरबोर्डची गोलाई, बावीस फ्रेट (बोटांखालच्या धातूच्या पट्ट्या) एका पातळीत, आणि त्यासाठी लागणारी अवजारं (फ्रेटची कानस, रेडियस ब्लॉक, नटच्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचेच्या कानशी) यांचाच खर्च नेकपेक्षा जास्त होतो. बॉडी दोन मिमी इकडे तिकडे झाली तर कोण विचारतं, फ्रेट पाव मिमी वर राहिला तर तार घरघरते आणि मग तुम्ही लाकडाला शिव्या देता.

रेडीमेड नेक घेताना हे बघ. टेलीच्या नेकची टाच चौकोनी सपाट असते, स्ट्रॅटची (फेंडरचीच स्ट्रॅटोकास्टर) गोल, दोन्ही विकणारे नुसतं "फेंडर स्टाइल" लिहितात, फोटो मोठा करून बघ. टाचेची रुंदी ५६ मिमी च्या आसपास हवी. स्केल, म्हणजे नट ते ब्रिज तारेची लांबी, २५.५ इंच म्हणजे ६४८ मिमी. नट ४२ मिमी. नेक हातात आला की पहिल्यांदा मोजायचं, नट ते बारावा फ्रेट बरोबर ३२४ मिमी आलं पाहिजे. आणि मगच बॉडीत खाच काढायची, आधी नाही, कारण इंटरनेटवरच्या ड्रॉइंगपेक्षा तुझ्या हातातला नेक खरा. खाचेची खोली १६ मिमी.

ब्रिज कुठे बसवायचा हे पण कागदावर ठरवू नको. नेक खाचेत घट्ट बसव, मग बाराव्या फ्रेटपासून तेवढंच अंतर पुढे मोज, म्हणजे ३२४, तिथे पातळ ई तारेचं सॅडल (ब्रिजवरचा तार टेकायचा सरकता तुकडा) जवळजवळ पूर्ण पुढे घेतलेल्या अवस्थेत आलं पाहिजे, म्हणजे जाड तारांना मागे सरकायला जागा राहते, जाड ई ला दोन तीन मिमी मागे लागतंच. आणि बाजूने सरळ आहे का बघायला दोन शिवणाचे दोरे घे, नटच्या दोन्ही बाहेरच्या खाचांतून ब्रिजच्या दोन्ही बाहेरच्या सॅडलपर्यंत ताणून चिकटव. दोन्ही दोरे फिंगरबोर्डच्या कडेपासून शेवटच्या फ्रेटला सारख्या अंतरावर दिसले पाहिजेत. तसे दिसले की मगच ब्रिजची भोकं पाड.

पैसे कशात घालायचे: ट्यूनर आणि ब्रिज. तार सुरात राहणं या दोघांवर (आणि नटवर) आहे. ब्रिज घेताना तारा बॉडीतून आरपार जाणारा घे, सहा सॅडलचा घे, तीन सॅडलचा दिसायला जुना भारी वाटतो पण इंटोनेशनला (सगळ्या फ्रेटवर सूर बरोबर यायला) दोन तारांमागे एकच सॅडल, पहिल्याच गिटारला डोकेफोड नको. सिंगल कॉइल (एका गुंडाळीच्या) पिकअपचा चांगला मधला सेट घे, फार महाग नको, नंतर बदलणं दहा मिनिटांचं काम आहे. बॉडी नंतर बदलता येत नाही.

वाचवायचे कशात: वायर, जॅक, कपॅसिटर, तांब्याची पट्टी हे सगळं इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, गिटारच्या नावाने विकलं की तिप्पट भाव. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा) मात्र बघून घे, सिंगल कॉइलला २५० के, आणि "ए" लिहिलेला, म्हणजे लॉग. "बी" घेतलास तर व्हॉल्यूम फिरवताना आधी काहीच होणार नाही आणि शेवटी एकदम पडेल. कपॅसिटर ०.०४७ किंवा ०.०२२ मायक्रोफॅरड, कुठला पण साधा पॉलिस्टरवाला, "विंटेज" बिंटेज सोड.

पार्ट मागवायचे कुठून हा खरा त्रास आहे. अलीएक्सप्रेस २०२० च्या नोव्हेंबरपासून आपल्याकडे बंद आहे, त्यामुळे तो स्वस्त रस्ता गेला. फुर्टाडोज, बजाओ या साइट्सवर पिकअप, ट्यूनर, तारा मिळतात, नेक कमी वेळा दिसतो. कुणी नातेवाईक बाहेरून येत असेल तर त्याला पिकअप आणि ट्यूनर सांग, लहान आणि हलकं सामान. नेक सांगू नको, बॅगेत बसत नाही आणि नंतर ऐकावं लागतं.

घासाघीस

सल्ला नको म्हणालास तरी देतो, वीस हजारात यामाहा पॅसिफिका घे आणि सुखाने वाजव. सागाच्या दाराच्या चौकटी होऊ देत. 😂

वखारीतला_माणूस (पुणे)

घासाघीसराव, तुम्ही दर धाग्यावर हेच लिहिता. घरी पुरणपोळी करणाऱ्याला पण चितळ्यांकडून आणा सांगत असाल.

खाडीकाठची (ठाणे)

वाचतेय आणि मजा येतेय. मी तीन गिटारी घरात बनवलेल्या माणसाची बायको आहे आणि सध्या चौथी माझी स्वतःची चालू आहे, तर थोडं माझंही.

"साग डेड वाजतो" याबद्दल. तार ताणलेली, खाली चुंबक आणि तांब्याची गुंडाळी, तार हलली की गुंडाळीत करंट तयार होतो. पिकअपला लाकूड ऐकूच येत नाही, तार ऐकू येते. लाकडाचा परिणाम होतो तो एवढाच की लाकूड तारेची ताकद कुठल्या सुराला किती शोषून घेतं, आणि तो अ‍ॅम्पमधून, त्यात डिस्टॉर्शन टाकल्यावर, इतका बारीक राहतो की पिकअप एक मिमी वर खाली केला तर त्याहून जास्त फरक पडतो. यूट्यूबवर एका अमेरिकन गिटारवाल्याने तर बॉडी आणि नेक काढूनच टाकले, दोन टेबलांच्या मधे हवेत तारा ताणल्या, खाली टेलीचा पिकअप ठेवला आणि आवाज टेलीचाच आला. गिटारवादक लेस पॉलने १९४० च्या सुमाराला पाइनच्या चौकोनी ठोकळ्याला नेक लावून वाजवलंच होतं. डॅनइलेक्ट्रो कंपनीच्या १९५० च्या दशकातल्या गिटारी चक्क मेसोनाइटच्या, म्हणजे आपल्या हार्डबोर्डच्या भावंडाच्या, आणि लोक आज त्या जपून ठेवतात.

आणि सगळ्यात मोठं उदाहरण ब्रायन मेचं. क्वीन बँडचा गिटारवाला. १९६३ साली शाळकरी पोरगा असताना वडिलांबरोबर घरी बनवायला घेतली, नेक एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महॉगनीचा, बॉडीत जुन्या टेबलाचं ओक आणि ब्लॉकबोर्ड, ट्रेमोलोला मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, आणि फ्रेटमधले ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. पन्नासच्या वर वर्षं तीच वाजवतोय. तेव्हा वाड्याच्या तुळईला कमी समजू नकोस.

मात्र एका गोष्टीत मी वखारीतल्या दादांशी सहमत नाही. पहिल्याच गिटारला खण काढून वर फणसाची टोपी चिकटवणं म्हणजे दोन जास्तीची कामं, आणि टोपी आणि बॉडी वेगवेगळ्या लाकडाची असली की दोघं वेगवेगळी फुगतात. तुमच्या पुण्यात ठीक आहे, सांगलीत पण कदाचित, पण आमच्याकडे जुलैत भिंती घाम गाळतात, तिथे अशा टोप्यांच्या कडा उचललेल्या मी बघितल्यात. त्यापेक्षा मागूनच खण काढायचे आणि मागे सागाचीच पातळ फळी. दिसणार पण नाही कुणाला. किंवा सरळ बॉडी ४० मिमीची कर, ट्यूनर हलके घे, झालं. चार किलो काय माणूस मरत नाही.

फिनिशबद्दल कुणी बोललं नाही. पावसाळ्यात एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारू नकोस, दमट हवेत वर पांढरट धुकं धरतं. दिवाळीनंतर मार. सागावर सीलर, मग एनसी, हे कुठलाही फर्निचर पॉलिशवाला डोळे मिटून करतो, त्यालाच दे. नाहीतर नुसतं तेल चोळून सोड, सागाला ते शोभतं. आणि घासताना मास्क लाव रे, साधा रुमाल नाही, एन-९५. सागाची आणि त्याहून जास्त शिसवीची धूळ अंगाला खाज आणि छातीत त्रास देते, एकदा अ‍ॅलर्जी सुरू झाली की मग दर वेळी होते.

निखालस_बेसूर (सांगली)

बाबो, एवढं? नाद खुळा मंडळी. रात्री बसून सगळं वहीत उतरवलं.

भावाला दाखवलं, तो म्हणतो तुळई त्याच्या बँडसॉवर घेईल पण चुंबक फिरवल्याशिवाय हात लावणार नाही. ताईंचं ऐकून खण मागून काढायचं ठरतंय (दादा राग मानू नका, फणस पुढच्या वेळी).

आता दोन शंका. एक, आजीच्या जुन्या पलंगाची शिसवीची फळी आहे, पलंग मोडलाय आधीच, म्हणजे मी मोडला नाही. त्याचा फिंगरबोर्ड करून रेडीमेड नेकवर बसवता येईल का? दोन, नेक स्वतः करायचाच झाला तर सागाचा चालेल का, की मेपलच लागतं?

सोल्डर_आणि_शिव्या (नाशिक)

पहिल्या शंकेचं उत्तर: नाही, बसवू नको. रेडीमेड नेकचा बोर्ड काढून नवा चिकटवायचा म्हणजे त्यातले फ्रेट, ठिपके, ट्रसरॉडच्या वरची पट्टी सगळं आलं. त्यापेक्षा ती फळी जपून ठेव आणि दुसऱ्या गिटारला पूर्ण नेक कर. आता वापरायचीच असेल तर पिकगार्ड कर तिचा, किंवा मागच्या खणांची झाकणं. आजीला दाखवता पण येईल.

तंबोऱ्याचा_नातू (मिरज)

शिसवीचं नाव ऐकून आलो. आपल्या शिसवीला जगात मान आहे बरं, परदेशी महागड्या गिटारींच्या फिंगरबोर्डांवर भारतातली शिसवी असते, २०११ साली अमेरिकेत गिब्सन या गिटार कंपनीच्या कारखान्यांवर सरकारी धाड पडली तेव्हा जप्त झालेल्या मालात भारतातून गेलेल्या शिसवीच्या फळ्या होत्या. २०१७ पासून शिसवीची सगळी जात साइटीसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहे, म्हणजे देशाबाहेर नेताना कागदपत्रं, २०१९ मधे तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. घरातल्या पलंगाच्या फळीला काय कुणी विचारत नाही, वापर निवांत.

नेक सागाचा होतो. साग ताठ आहे, मेपलच्या जवळपास, आणि फुगण्या आकसण्यात मेपलपेक्षा शांत. अट एकच, ट्रसरॉड दोन्ही बाजूला वळणारा घाल आणि एकसंध फळी घेऊ नको. तीन पट्ट्या उभ्या चिकटव, मधली उलटी फिरवून, म्हणजे रेषा एकमेकींना पकडून ठेवतात. मधली पट्टी शिसवीची घातलीस तर ताठरपणा पण वाढतो आणि मागून एक काळी रेघ दिसते, भारी दिसतं. तुझ्या पलंगातनं एक पातळ पट्टी निघेलच.

फिंगरबोर्डला शिसवी ६-७ मिमी जाड हवी. फ्रेटच्या खाचा काढताना प्रत्येक माप नटपासूनच घ्यायचं, आधीच्या फ्रेटपासून नाही, नाहीतर अर्धा अर्धा मिमी साठत जातो आणि बाराव्याला गिटार बेसूर. पहिला फ्रेट ६४८ ला १७.८१७ ने भागून, म्हणजे ३६.४ मिमी वर. पुढचे सगळे ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर काढ, कागदावर प्रिंट काढून चिकटवू नको, प्रिंटर ताणतो. खाच ०.६ मिमी च्या आसपास असते, साध्या करवतीची जाड होते, फ्रेट सैल बसतो, त्यासाठी पातळ पात्याची करवत लागतेच.

आणि तू सांगलीचा ना, मग मिरज दहा बारा किलोमीटर. सतारमेकर गल्लीत एक चक्कर मार. इथे तंबोऱ्याला तूनचं लाकूड वापरतात, हलकं, लालसर, महॉगनीच्याच कुटुंबातलं, तुझी बॉडी सागापेक्षा अर्धा किलो हलकी होईल आणि ते लोक लाकूड वर्षानुवर्षं वाळवून ठेवतात. विकतील का ते माणसावर आहे, पण जाऊन बसलास, चहा प्यायलास, काय करतोयस ते सांगितलंस तर एखादा तुकडा काढून देतील. इथल्या सतार तंबोऱ्याला २०२४ मधे जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हापासून बाहेरची माणसं बघायला येतातच. इलेक्ट्रिक म्हटल्यावर थोडं हसतील. नटसाठी हाडाचा तुकडा पण तिथेच विचार, घोडी आणि मेरू (म्हणजे सतारीचे ब्रिज आणि नट) घासणारे हात आहेत, प्लास्टिकचा नट विकत घेण्यात काय अर्थ नाही.

वखारीतला_माणूस (पुणे)

तून मिळत असेल तर साग चौकटींना जाऊ दे, घरातलं युद्ध पण टळेल. फणसाचा राग नाही.

निखालस_बेसूर (सांगली)

साग तरी घेणारच दादा, वाड्याचं काहीतरी त्यात पाहिजे मला. बॉडी तूनची मिळाली तर मागची झाकणं आणि नेकच्या खाचेखालचा ठोकळा सागाचा करेन. नेक रेडीमेड.

एक शेवटचं, नेकचे चार स्क्रू सागात थेट मारले तर फाटेल का?

सोल्डर_आणि_शिव्या (नाशिक)

नीट समजून घे, स्क्रू धरून राहतो तो नेकमधे, बॉडीत नाही. बॉडीतली भोकं स्क्रूच्या बाहेरच्या जाडीएवढी मोकळी पाड, स्क्रू हाताने आरपार ढकलला गेला पाहिजे. तिथे आटे पकडले तर नेक आणि बॉडीत फट राहते आणि घट्ट करून पण मिटत नाही. नेकच्या टाचेत मात्र आधी बारीक भोक, स्क्रूच्या आतल्या दांड्याएवढं, आटे सोडून, कडक मेपल असेल तर केसभर मोठं. ड्रिलला टेप लावून खोली बांध, नाहीतर फिंगरबोर्डातून वर निघेल. स्क्रूला साबण किंवा मेण चोळ आणि हाताच्या स्क्रूड्रायव्हरने बसव, ड्रिलमशीनने नाही.

घासाघीस

पॅसिफिकाला हे सगळं आधीच केलेलं असतं.

खाडीकाठची (ठाणे)

😂 बेसूर, तूनचा तुकडा मिळाला की वजन करून टाक इथे, मापं पण लिही. ४ लिटरचा हिशोब बरोबर येतो का बघू.